न तापणाऱ्या तारेची गुंडाळी

चाळीस वर्षं मी जळलेल्या मोटारी भरल्या. पंख्याच्या, पाण्याच्या पंपाच्या, पिठाच्या गिरणीच्या. मोटार जळली की आतली तांब्याची तार काळी पडते. ती सगळी उपसून काढायची, खाचा साफ करायच्या, कागद घालायचा आणि नव्या तारेच्या गुंडाळ्या करून बसवायच्या. याला आम्ही मोटार भरणं म्हणतो.

मी चौथीपर्यंत शिकले. हे काम शाळेत नाही शिकले, नवऱ्याच्या मागे बसून शिकले. निजामपुऱ्यात गल्लीच्या तोंडाशी आमचं दुकान होतं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभं राहावं एवढंच. नवऱ्याच्या घराण्यात सगळे पूर्वी गायकवाडांच्या फौजेत होते. तलवार गेली, भिंतीवर एक फोटो राहिला, आणि याच्या हातात पक्कड आली. हा म्हणायचा, "पक्कड रोज कामाला येते, तलवार येते का?" त्याला एका गुजराती उस्तादानं शिकवलं होतं, म्हणून वेढे मोजायचे ते गुजरातीतच. घरात मराठी बोलायचो, पण गुंडाळी हातात घेतली की एक, बे, त्रण, चार. मलाही तीच सवय लागली. अजून मला भाकऱ्या मराठीत मोजता येतात, पण तार नाही.

तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा मी सव्वीस वर्षांची, आणि मुलगा पाच वर्षांचा. तेराव्याला दीर म्हणाले, "वहिनी, दुकान विकून टाका." चौदाव्या दिवशी शटर वर केलं. आत त्यानं अर्धी भरून ठेवलेली पंपाची मोटार तशीच पडली होती. ती पुरी केली.

पहिलं गिऱ्हाईक आलं, मला बघून म्हणालं, "भाई क्यां छे?" मी म्हटलं, "भाई नथी. मोटार मूको." भाई नाहीत, मोटार ठेवा. तो मोटार उचलून परत गेला. संध्याकाळी पुन्हा आला, कारण दुसऱ्या दुकानात आठ दिवस थांबा म्हणाले होते. त्याची मोटार मी तिसऱ्या दिवशी दिली. ती किती चालली माहीत नाही, पण तो माणूस पुढे अकरा वर्षं येत राहिला. दरवेळी मोटार ठेवताना म्हणायचा, "बेन, आ वखते बळे नहीं एवी भरजो." या खेपेला जळणार नाही अशी भरा. मी म्हणायचे, "जळली नाही तर तुम्ही याल कशाला?"

वाईट दिवस सांगत बसत नाही. होते. तांब्याची तार अंगठा कापते, वार्निशच्या वासानं जेवण जात नाही, आणि मुलाला ताप असला तरी दुकान उघडावंच लागतं. पण मुलगा शिकला, अलकापुरीत एका ऑफिसात लागला, त्याचं लग्न झालं, आणि एक नात झाली. ती नात लहानपणी दुकानात माझ्या पायाशी बसून तारेचे तुकडे वळवायची. तिच्या पैंजणाऐवजी तांब्याची तार, असा प्रकार. सून रागवायची. मी नाही.

हीच नात मोठी होऊन वीज शिकली. इंजिनियर झाली, चांगल्या नोकरीला लागली, आणि दोन वर्षांनी नोकरी सोडून परत कॉलेजात गेली. पीएचडी करायला. तिचा बाप महिनाभर तिच्याशी नीट बोलला नाही. मला म्हणाला, "आई, सत्तावीस वर्षांची पोरगी परत दप्तर घेऊन चालली." मी म्हटलं, "मी सव्वीसाव्या वर्षी शटर उचललं होतं. ती दप्तर तरी उचलते आहे."

ती काय करते ते मला कळत नव्हतं. एक दिवस ती माझ्याजवळ बसून मटार सोलत होती, तेव्हा विचारलं.

"आजी, वीज तारेतून जाते तेव्हा तार तापते. बरोबर?"

"मला विचारतेस?"

"तेच. जेवढी तापते तेवढी वीज फुकट गेली. मी ज्या टेपवर काम करते ना, तिला सुपरकंडक्टर म्हणतात. तिला खूप थंड केलं, बर्फापेक्षाही कितीतरी थंड, की ती विजेला अडवतच नाही. मग ती तापतच नाही."

"तापतच नाही?"

"नाही."

"मग जळणार कशी?"

"नाही जळणार."

मी मटार खाली ठेवले. "तुझ्या आजोबांनी हे ऐकलं असतं तर तुला दुकानाची पायरी चढू दिली नसती."

ती खूप हसली. मग सांगितलं, कच्छकडे जाताना त्या उंच पवनचक्क्या दिसतात ना, त्यांच्या डोक्यावर वीज बनवायचं यंत्र असतं, ते फार जड असतं. तांब्याऐवजी या टेपच्या गुंडाळ्या घातल्या तर यंत्र हलकं होईल, वीज जास्त मिळेल, कोळसा कमी जाळावा लागेल. त्यातली एक लहान गुंडाळी करून दाखवायची, हे तिचं काम. गुंडाळी हा शब्द ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे आमच्यातलीच.

मग गेल्या वर्षी होळीच्या थोडं आधी ती घरी आली आणि जेवायला बसेना. शेव-टमाट्याची भाजी होती, तरी. बाप बाहेरच्या खोलीत होता. मी तिला स्वयंपाकघरात घेतलं.

"काय झालं?"

"तिसरी पण बिघडली आजी."

तिच्या कॉलेजात टेप गुंडाळायचं एक छोटं मशीन होतं. ते मध्येच ढिलं सोडायचं, मध्येच ओढायचं. तांब्याची तार असलं सगळं सोसते. ही टेप सोसत नाही. आत काचेसारखा थर आहे, जास्त ताणली की तडकतो. वरून काही दिसत नाही. मशीनचा भाग परदेशातून यायला सहा महिने. टेपचा एकच तुकडा उरलेला, नवी टेप यायलाही तेवढाच वेळ. आणि दोन आठवड्यांनी मोठ्या लोकांपुढे चालती गुंडाळी दाखवायची होती. दाखवली तर पुढची तीन वर्षं काम चालू राहणार. नाही दाखवली तर प्रकल्प बंद.

"बाबा म्हणतायत, आता पुरे, नोकरी बघ. कदाचित बरोबरच म्हणतायत."

"टेपचा तुकडा आहे का वाया गेलेला?"

तिच्या पिशवीत होता. रिबिनीसारखा, करंगळीच्या नखाएवढा रुंद, वरून तांब्याचा चकचकीत. मी चिमटीत धरून बोटातून ओढला. एका बाजूला वाकतो, दुसऱ्या बाजूला वाकायला नाराज. नवीन सून असते तसा.

"हाताने का नाही गुंडाळत?"

"हाताला सारखा ताण ठेवता येत नाही आजी."

"कोणाच्या हाताला?"

तिनं ताट पुढे ओढलं. मग भाजी वाढून घेतली.

दोन दिवसांनी मला घेऊन गेली. तिच्या सरांना आधी सांगून ठेवलं होतं. सर सुरतेकडचे, पन्नाशीचे, बोलायला गोड. उभे राहिले आणि म्हणाले, "आवो बा. सांभळ्युं छे के तमे अमारां सिनियर छो." या आजी, ऐकलंय की तुम्ही आमच्या सिनियर. मी म्हटलं, "सिनियर नाही हो, मी जळलेल्याची डॉक्टर. तुमचं अजून जळलेलं नाही." नातीनं मला कोपरानं ढोसलं.

लॅब म्हणजे मोठी खोली, पंखे चांगले. त्यातल्या एका पंख्याची मोटार घरघर करत होती, तिकडे मी लक्ष दिलं नाही. टेबलावर गोल फर्मा होता, ज्याच्यावर गुंडाळायचं तो, लाकडाचा नव्हे, कसल्यातरी हिरव्या पत्र्याचा, जेवणाच्या ताटाएवढा. नात हँडल फिरवणार आणि मी टेप धरणार, असं ठरलं. तिनं मला पातळ हातमोजे दिले. मी काढून ठेवले. माझ्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा धुऊन वाळवून आणला होता, त्याची घडी करून त्यातून टेप घेतली. चिमटीत घडी, घडीत टेप. किती दाबायचं ते सांगता येत नाही. वाहत्या पाण्यात माशाची शेपटी धरल्यासारखं.

"आजी, एकच गोष्ट. टेप कुठंही मोडायची नाही. वाकवायची पण नाही."

"हो गं."

टेपचं सुरुवातीचं टोक तिनं फर्म्यावरच्या तांब्याच्या ठोकळ्याला सोल्डरनं जोडलं, आणि केसाएवढ्या बारीक तारा आणायला कपाटाकडे गेली. वीज कुठं अडते ते कळावं म्हणून त्या ठिकठिकाणी चिकटवायच्या होत्या. मी बसले होते. टोक ठोकळ्यातून बाहेर येताना जरासं उचललेलं दिसलं. पहिला वेढा उचललेला राहिला तर पुढचे सगळे वाकडे जातात, हे मला नवऱ्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी अंगठ्याच्या नखानं ते कोपऱ्यात दाबलं. नीट बसलं. बरं वाटलं.

मग सुरू झालं. एक, बे, त्रण. नात हँडल फिरवते, मी मोजते. सर आधी उभे होते, मग स्टूल घेऊन बसले. अठ्ठावीस, ओगणत्रीस. नात हळूच म्हणाली, "आजी, तू हिशोब चुकत नाहीस, बोलतेस पण." मी म्हटलं, "तू बोलू नकोस, हँडल थांबतं." साठ वेढे झाले. बाजूनं बघितलं तर गुंडाळी नव्या वहीच्या कडेसारखी सरळ. सर म्हणाले, "वाह." मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी तपासणी. थर्माकोलच्या खोक्यात गुंडाळी ठेवली आणि ती थंड करायला मोठ्या थर्मासमधून पातळ नायट्रोजन ओतला. पाण्यासारखा दिसतो, पण हातभर धूर, आणि खळखळ उकळतो. उकळतो आणि गारच. अशी उलटी गोष्ट मी कधी बघितली नव्हती. धूर पायावरून गेला तेव्हा मी पदर आवरला. सर म्हणाले, "बा, करडे नहीं." चावत नाही.

नात बटण फिरवून वीज वाढवत होती. एका पडद्यावर रेघ होती. ती रेघ खाली सपाट राहिली तर बरं, वर चढली तर टेप वीज अडवते आहे, म्हणजे बिघडली. मी रेघ बघत होते. सपाट, सपाट. अजून निम्मीही वीज सोडली नव्हती, आणि रेघ वर गेली.

नातीनं बटण बंद केलं. नायट्रोजन तेवढा खळखळत होता.

ती बारीक तारांचे आकडे बघत म्हणाली, "पहिल्याच भागात आहे, सर. ठोकळ्याजवळ. बाकी सगळं छान आहे. माझा सोल्डरचा जोड खराब झाला असणार."

सर म्हणाले, "तो जोड फरीथी करीए."

पुन्हा जोड करायचा म्हणजे पुन्हा तापवायचं. जोड चांगला होता, मी तिला करताना बघितलं होतं. हात तिचा आजोबांसारखा आहे, सोल्डर पसरत नाही. ती स्वतःच्या हाताला दोष देत होती, आणि माझा अंगठा माझ्या मांडीवर होता.

"जोड उकलू नकोस," मी म्हटलं. "मी दाबलंय तिथं."

"कुठं?"

"ठोकळ्याच्या कोपऱ्यात. नखानं. टोक बसत नव्हतं म्हणून."

"आजी! सांगितलं होतं ना!"

"सांगितलं होतंस."

"मग?"

"हातानं ऐकलं नाही."

ती तोंड फिरवून खिडकीपाशी गेली. तिला रडू आलं होतं की राग, तिलाच ठाऊक. मी तशीच बसले. नवऱ्याच्या वेळेलाही मी कोणापुढे रडले नव्हते, इथं काय रडायचं. पण त्या दोन मिनिटांत मला एवढंच वाटत होतं, पोरीचं शिक्षण माझ्या अंगठ्याखाली चेपलं गेलं.

सरांनी गुंडाळी कोरडी होऊ दिली. भिंग आणलं. बघितलं, आणि मला दाखवलं. कोपऱ्यात एक बारीक रेघ, कागदाला घडी पडते तशी.

"बरोबर आ ज छे," ते म्हणाले. हेच ते. मग नातीला हाक मारली. "अहीं आव. आ जोड तो पहेला नंबरनो छे. बाए ना कह्युं होत तो आपणे तापवी तापवीने आखी टेप मारी नाखत."

जोड एक नंबर आहे, बांनी सांगितलं नसतं तर तो तापवून तापवून आपणच सगळी टेप मारली असती, असं. नात आली, भिंगातून बघितलं, मग माझ्याकडे. "वीतभर कापली तर?"

"एक वेढा कमी होईल," मी म्हटलं.

"एकोणसाठ चालतील का सर?"

सर वहीत काहीतरी मांडत बसले. फार वेळ बसले. मग म्हणाले, "चालशे. पण आनाथी ओछुं नहीं." याहून कमी नको. म्हणजे आता कापायला जागा उरली नव्हती.

गुंडाळी मी उलगडली. मोठ्या रिळावर, सावकाश, लुगड्याच्या घडीतून. उलगडणं गुंडाळण्यापेक्षा कठीण असतं, कारण माणूस घाई करतो. वीतभर कापली. मग मी फर्मा मागितला. तो कोपरा काटकोनात होता, तिथं टेपला वाकावंच लागत होतं. मी दाबलं नसतं तरी ती सुखी नव्हती.

"कानस आहे का?"

"आहे."

"हा कोपरा काढून टाक. गोल उतार कर, घसरगुंडीसारखा. म्हणजे टोक आपोआप बसेल, कोणाला दाबावंसं वाटणार नाही."

"तुला दाबावंसं वाटणार नाही," नात म्हणाली.

"मलाच म्हटलं मी."

तेव्हा ती हसली. खरं हसली. संपूर्ण दुपार ती कानस घेऊन बसली, मी बोट फिरवून सांगायचे, अजून, अजून थोडं. शाळकरी मुलीनं पेन्सिलीला टोक करावं तशी जीभ बाहेर काढून घासत होती. चहा आला, सरांच्या घरून खाखरे आले, खाल्ले. मग जोड केला. या खेपेला माझे दोन्ही अंगठे मी पदरात गुंडाळून ठेवले, ती म्हणेपर्यंत काढले नाहीत. टेप उतारावरून अशी गेली की जणू तिला तिकडेच जायचं होतं. एक, बे, त्रण. मध्ये कोणाचा फोन वाजला, सरांनी न बघता बंद केला. ओगणसाठ.

तपासणीच्या दिवशी मुलगाही आला. ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन. म्हणाला, आईला घरी न्यायला आलोय. मी म्हटलं, मग ने, मी निघते. तर म्हणाला, थांब, बघू तरी.

धूर झाला, खळखळ झाली, थांबली. नात बटण फिरवायला लागली. रेघ सपाट. मागच्या वेळी जिथं चढली होती ती जागा आली. रेघ सपाट. पुढे गेली. ठरवलेला आकडा आला, सर म्हणाले, "बस, आवी गयुं." नात थांबेना. अजून फिरवलं. रेघ सपाटच, जमिनीवर मांजर झोपावं तशी. माझा मुलगा, जो महिनाभर तिच्याशी बोलला नव्हता, तो तिच्या खांद्यावरून वाकून आकडे मोठ्यानं वाचत होता, जसं काही क्रिकेट चाललंय. "अजून! अजून जाऊ दे!"

"बाबा, धक्का देऊ नका!"

"देत नाहीये! जाऊ दे!"

मी पुढे झाले. म्हटलं, "आता बास. चाललेल्या गुंडाळीला उगाच छळू नये. उद्या दाखवायची आहे ना? दमू दे तिला."

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "बा साचुं कहे छे. बंध कर."

नातीनं बटण हळूहळू मागे आणलं. मग टेबलाशी तशीच उभी राहिली, दोन्ही हात बाजूला, आता त्यांचं काय करावं ते कळत नसल्यासारखी. तिच्या बापानं तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, "बाबा, तीन वर्षं," एवढंच. तो म्हणाला, "हो. तीन वर्षं. डबा मी आणून देईन." त्याला स्वतःचा डबा भरता येत नाही, पण म्हणाला.

मग ती माझ्याकडे आली, माझे दोन्ही अंगठे धरले आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात नवी टेप मागवणार आहेत सर. आणखी पाच गुंडाळ्या करायच्यात. येशील?"

"पाठीला टेकायला खुर्ची हवी," मी म्हटलं. "स्टुलावर नाही बसणार."

सर तिथल्या तिथं उठले आणि आपली चाकांची खुर्ची ढकलत घेऊन आले. मी बसून बघितली. जरा मागे सरकते, पण बरी आहे.